बाबा चिंचेखाली का बसतात?

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी 'माझा रविवार' हा निबंध लिहिला आहे? हात वर करा बरं! मला माहीत आहे, सगळ्यांनीच लिहिला असणार. आम्हा शिक्षकांचा तो आवडता विषय. मीही गेल्या वर्षी चौथीच्या वर्गाला तोच दिला. चाळीस वह्या तपासायच्या म्हणजे चाळीस वेळा 'सकाळी लवकर उठतो, दात घासतो' वाचायचं. अडतीस वह्या तशाच गेल्या. एकोणचाळिसाव्या वहीपाशी मात्र मी थांबले.

एका मुलीने लिहिलं होतं, 'रविवारी मी, आई आणि आजी देवळात जातो. बाबा आम्हाला स्कूटरवरून सोडतात, पण आत येत नाहीत. ते बाहेर चिंचेखाली पेपर वाचत बसतात. आजी म्हणते, त्यांच्यासाठी प्रार्थना कर. मी करते. पण बाबा तर चांगले आहेत.'

देऊळ म्हणजे इथे चर्च, बरं का. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमध्ये, खेडोपाडी मराठी ख्रिस्ती कुटुंबं आहेत. त्यांतली बरीच जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. शेवटचं वाक्य वाचून मला फार कौतुक वाटलं आणि मी तो निबंध वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. हे मी करायला नको होतं. वाचून होतंय तोवर मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "म्हणजे तिचे बाबा पापी आहेत का, बाई?"

वर्ग हसला. ती मुलगी रडायला लागली. मी त्या मुलाला रागावले, "ज्याचा त्याचा प्रश्न असतो" असं काहीतरी पुटपुटले, आणि तेवढ्यात घंटा झाली म्हणून सुटले. पण घरी जाताना एस.टी.त माझ्या डोक्यातून तो प्रश्न जाईना. विचारणारा मुलगा काही दुष्ट नव्हता. त्याच्या घरी आजोबा दर वर्षी वारीला जातात, वडील मात्र कधी जात नाहीत. त्याला स्वतःलाच उत्तर हवं असणार. आणि माझ्या घरी तरी काय वेगळं होतं? माझी आई एकादशी, चतुर्थी, सोमवार सगळं करायची. वडील वर्षातून एकदा, पेरणीच्या दिवशी, शेताच्या बांधावर हात जोडायचे. बस्स. आई म्हणायची, "यांचं कसं होणार!" आणि त्यांच्या वाटणीचाही उपास करायची.

दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या तासाला गणिताचं पुस्तक मिटलं आणि मुलांना एक गोष्ट सांगितली. एका तासात ती संपली नाही, तीन दिवस लागले. तीच आज तुम्हाला सांगते.

ही गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांची. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालं. डी.एड.ला असताना वसतिगृहात मी ते पहिल्यांदा वाचलं, आणि मेसची घंटा झालेली कळलीच नाही. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांचे वडील इतके कडक सोवळं पाळणारे, की बाजारातून घरात आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. मीठसुद्धा! साखरसुद्धा!

"बाई, मीठ धुतलं तर विरघळून जाईल की!" पहिल्या बाकावरून लगेच आवाज आला. कालची रडणारी मुलगीही हसली. मला जरा बरं वाटलं.

अशा घरातली ही मुलगी. तिचं लग्न लहानपणीच नारायण वामन टिळकांशी झालं. लोकमान्य ते वेगळे, हे कवी टिळक. यांच्या कविता तुमच्या आजी-आजोबांना शाळेत असतील. टिळकांना एका जागी चैन पडत नसे. नोकरी धरायची, सोडायची, हातातले पैसे कुणी अडलेला भेटला की त्याला देऊन टाकायचे. हे सगळं लक्ष्मीबाईंनी इतकं मजेत सांगितलं आहे, की हसता हसता आपल्याला मध्येच त्यांची दयाही येते. टिळकांचा सारखा विचार चाले, देव कसा आहे, माणसामाणसांत हा भेद कुणी केला. असा शोध घेत घेत ते बायबलपर्यंत पोचले आणि १० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी.

बातमी कळली तेव्हा लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. पदरी लहान मुलगा. विचार करा, मुलांनो, त्या काळात हे केवढं मोठं संकट! नवरा जिवंत आहे, पण लोकांच्या मते मेल्यात जमा. चार-पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. नातेवाइकांनी लक्ष्मीबाईंना सांभाळलं, पंढरपुरालाही त्या राहिल्या. या वर्षांत दोघांनी एकमेकांवर राग धरला, दुःख केलं, कविताही केल्या. पण नातं काही तुटलं नाही. शेवटी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन टिळकांकडे आल्या, ते आमच्या या नगरला.

आता खरी गंमत पुढे आहे. त्या आल्या, पण ख्रिस्ती झाल्या नाहीत. एकाच संसारात टिळक ख्रिस्ती आणि लक्ष्मीबाई सोवळ्यात! त्यांचा स्वयंपाक वेगळा, त्यांचं पाणी वेगळं, त्यांचे देव वेगळे.

"मग टिळकांना राग नाही आला?" वर्गातून प्रश्न.

राग टिळकांच्या नाकावरच असायचा. पण आपण ख्रिस्ती झालो म्हणून बायकोनेही झालंच पाहिजे, अशी सक्ती त्यांनी केली नाही. लक्ष्मीबाई आपल्या आपण विचार करत होत्या. महाबळेश्वरला असताना एकदा त्या एकट्याच विचार करत बसल्या, की या जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर त्यांना स्वतःलाच सापडलं. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्यांनी ना म्हटलं नाही. मीठ धुणाऱ्या बापाची लेक ती! ख्रिस्ती होण्याचं ठरलं ते याच्याही नंतर. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे गोष्ट संपली असं मुलांना वाटलं. मला मात्र पुढचा भाग सांगायचा होता, कारण चिंचेखालच्या बाबांचा प्रश्न अजून तसाच होता.

टिळक ख्रिस्ती झाले म्हणून चर्चमधलं सगळंच त्यांना पटलं असं नाही. तेव्हाची मिशनं परदेशी लोक चालवत. बरीच गाणी इंग्रजी चालीवरची. टिळकांना तर तुकोबांचे अभंग लहानपणापासून आवडायचे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांनी ख्रिस्ताची भजनं, अभंग आपल्या मातीतल्या चालीत रचले. आज कुठल्याही मराठी चर्चमध्ये रविवारी जा, टिळकांचं एखादं तरी गीत कानावर पडतंच. मी एकदा सहशिक्षिकेच्या लग्नाला गेले होते. डोळे मिटले असते तर आमच्या गावच्या सप्ताहात बसल्यासारखं वाटलं असतं. पेटी, तबला, झांजा, आणि म्हाताऱ्या बायांचा तो वरच्या पट्टीतला सूर!

पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरीच सोडली, म्हणजे पगारही गेला. साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. ख्रिस्तावर प्रेम करणारा कुणीही त्यात यावा, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. बघा हं, स्वतः बाप्तिस्म्यासाठी घरदार पणाला लावलेला माणूस हे म्हणत होता! त्यांनी ख्रिस्त सोडला नाही. फक्त दाराला कुलूप नको म्हणाले. दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात ते गेले, आणि दरबाराचं काम पुरतं उभं राहिलंच नाही. पण 'ख्रिस्तायन' हे त्यांचं अर्धं राहिलेलं काव्य लक्ष्मीबाईंनी लिहून पुरं केलं. ज्या बाईला लिहिता-वाचता जेमतेम येत होतं, तिने!

तिसऱ्या दिवशी मुलांनी विचारलं, "बाई, असं चर्चशी भांडणारं आणखी कुणी होतं का?" होतं ना. पंडिता रमाबाई!

रमाबाई लहानपणी आई-वडिलांबरोबर तीर्थांमागून तीर्थं पायी हिंडल्या. असेल नसेल ते दानात गेलं आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई-वडील दोघंही गेले. पुढे त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये वाँटेज या गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या भगिनींनी त्यांना माया लावली. पण त्यांना वाटलं, आता ही आपण सांगू ते मुकाट्याने मानेल. छे! एक पुरोहितांचं जोखड टाकून दुसरं कशाला घेऊ, असा रमाबाईंचा बाणा. त्यांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरंच का? आमची संस्कृत काय कमी पवित्र आहे? खाण्यापिण्याच्या सवयीही त्यांनी बदलल्या नाहीत. पत्रांतून हे वाद बरेच दिवस चालले. आणि याच रमाबाईंनी पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन उभारलं, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुली-बायकांना आसरा दिला आणि हिब्रू व ग्रीक शिकून सगळ्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. भांडणारी माणसं निघूनच जातात असं नसतं. काही भांडून तिथेच घर बांधतात.

आणि महात्मा फुले? ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनरी त्यांचे मित्र होते, पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला. त्यांचं शेवटचं पुस्तक 'सार्वजनिक सत्यधर्म' ते गेल्यावर, १८९१ मध्ये छापलं गेलं. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिलं आहे. घरातली बाई बौद्ध धर्माचं पुस्तक वाचून बौद्ध झाली, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान आणि मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी. चौघांनी एकाच घरात राहावं, आणि कुणी कुणाच्या धर्माचा द्वेष करू नये, असं जोतिराव लिहितात. सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी!

वर्ग एकदम गप्प झाला. मग तोच मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "सण किती येतील, बाई! चौघांचे!" त्याच्या डोळ्यांसमोर शिरखुर्मा आणि केक एकदमच आला असावा. मी फळ्यावर 'उपासना' हा शब्द लिहिला आणि विचारलं, हा कुठे वाचलाय? बराच वेळ कुणाला आठवेना. मग एकीने मराठीचं पुस्तक उघडलं आणि सुरुवातीच्या पानावर छापलेल्या संविधानाच्या उद्देशिकेवर बोट ठेवलं. श्रद्धा आणि उपासना यांचं स्वातंत्र्य. रोज परिपाठाला म्हणतो आपण ते. कुणाचं लक्ष होतं?

पालकहो, इथे दोन शब्द तुमच्यासाठी. या विषयावर घराघरांत कुरबुर असते. आजीला वाटतं, रविवार चुकला की मूल हातचं गेलं. वडिलांना वाटतं, म्हाताऱ्या माणसांना काय काम? दोघंही मुलासमोर एकमेकांना टोमणे मारतात आणि मूल मध्ये उभं असतं. मला विचाराल तर मुलाला कारण सांगा. 'जायचं म्हणजे जायचं' हे कारण नव्हे, आणि 'थोतांड आहे सगळं' हेही नव्हे. तुम्हाला तिथे काय मिळतं, किंवा काय मिळालं नाही, ते सरळ सांगा. मुलांना कळतं.

त्या मुलीने ते काम माझ्याशिवायच केलं. पुढच्या सोमवारी ती न बोलावता टेबलापाशी आली. तिने आजीला विचारलं होतं, तू का जातेस? आजी म्हणाली, "आठवडाभर घरात कुणी माझ्याशी दोन शब्द बोलत नाही गं. तिथे गेलं की गुडघा कसा आहे म्हणून विचारतात. माझं गाणं होतं. देवापुढे रडता येतं." मग ती बाबांकडे गेली. बाबा म्हणाले, लहानपणी उपासनेत डुलकी लागली म्हणून मोठ्या माणसांनी सगळ्यांदेखत कान पिळला होता. पुढे मोठं झाल्यावर कमिटीच्या निवडणुकीत शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झालेला पाहिला. तेव्हापासून आत जावंसं वाटलं नाही. "मग चिंचेखाली का बसता? घरी जायचं ना," ती म्हणाली.

"काय म्हणाले गं?" मी विचारलं.

"म्हणाले, तिथपर्यंत गाणी ऐकू येतात."