जांभळी भिंत आणि बाळंतिणीची खोली

पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी यावयाची होती. पुण्याहून तिने दूरध्वनीवर एकच हट्ट धरला : माझी खोली गडद जांभळी रंगवा. कडोलीच्या आमच्या घराला चुना आणि त्यात चिमूटभर नीळ, एवढाच रंग ठाऊक. सौभाग्यवतींनी तत्काळ होकार दिला, मी कुरकुरलो.

या रंगाशी माझे वैर नाही. वैद्यकाशी तर त्याचे जुने नाते आहे. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरील क्विनीन कृत्रिमरीत्या बनवू पाहत होता. क्विनीन साधले नाही. हाती काळसर गाळ आला आणि त्यातून रेशमावर पक्का बसणारा जांभळा रंग निघाला. एरवी समुद्री गोगलगायींपासून काढलेला हा रंग राजेरजवाड्यांनाच परवडत असे.

माझ्या कुरकुरीचे कारण निराळे होते. अनेक वर्षांपूर्वी शेजारच्या एका गावात पाच दिवसांचे बाळ पाहावयास गेलो होतो. गडद भिंती, खिडकीला जाड पडदा, कोपऱ्यात शेगडी. ‘बाळ सावळे आहे हो डॉक्टर, अंगावर पीत नाही एवढेच,’ आजी म्हणाल्या. मी बाळाला ओसरीवर उन्हात आणले आणि माझेच हात थिजले. तळपायांपर्यंत पिवळे! आईचा रक्तगट ‘ओ’, बाळाचा ‘ए’. बेळगावला नेऊन रक्तबदल केला. बाळ वाचले, श्रवणशक्ती मात्र गेली. दोष एकट्या भिंतीचा नव्हता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ पुन्हा दाखवा, असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. पण गडद भिंत प्रकाश गिळते, आणि जो थोडा परतवते त्याला आपली छटा देते. त्या उजेडात कावीळ नीट दिसत नाही. ती चेहऱ्यापासून खाली उतरते. दिवसाच्या उजेडात त्वचा बोटाने हलकेच दाबून पाहावी. सावळ्या बाळात तर डोळे, हिरड्या, तळहात व तळपाय आवर्जून पाहावेत. तळव्यांपर्यंत पिवळेपणा पोहोचला तर घरी थांबू नये.

दुसरी भीती रंगाऱ्याने उभी केली. चाळीस-पन्नास वर्षांच्या दाराचा जुना ऑइलपेंट तो कोरड्या पॉलिशपेपरने घासू लागला. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या थरांना तो कसा लागू व्हावा? पिवळ्या, लाल, हिरव्या तैलरंगांत शिसे सर्रास असे. त्याची धूळ गर्भवतीच्या श्वासातून रक्तात जाते आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. मी काम थांबविले. दार पाण्याने भिजवून घासविले, फरशी ओल्या फडक्याने दोनदा पुसविली आणि हे सारे उरकेपर्यंत लेकीला पुण्यातच थांबविले.

अखेर तह झाला. पलंगामागची एक भिंत जांभळी, उरलेल्या तीन पांढऱ्या, पूर्वेची खिडकी उघडी. चौथ्या दिवशी सकाळी मी नातीला खिडकीपाशी नेले. पिवळेपणा होता, छातीपर्यंत. मुलांचा डॉक्टर असूनही छाती धडधडलीच. रक्ततपासणी करविली, आकडा धोक्याच्या खाली होता. दुसऱ्या आठवड्यात तो ओसरला.

उरलेला अर्धा डबा देवघरासाठी वापरावा, असे लेकीचे म्हणणे आहे. आता कुरकुरण्याची पाळी सौभाग्यवतींची.