ओट्यापुढचा पाट

आमच्या स्वयंपाकघरातला जुना कडाप्प्याचा ओटा फोडायचं ठरलं, तेव्हा हे काम गवंड्याचं आणि प्लंबरचं, असाच सगळ्यांचा समज होता. घरच्यांनी फार तर टाइल्सचा रंग निवडायचा आणि महिनाभर धूळ सोसायची. पण सामान हलवताना मुलानं ओट्यापुढचा लाकडी पाट उचलला आणि विचारलं, "हा इथे कशाला असतो गं?" उत्तर सासूबाईंनी दिलं, "अरे, त्याशिवाय शेगडीला माझा हात नीट पुरत नाही." तीस वर्षं त्या पाटावर उभं राहून स्वयंपाक करत होत्या. आम्ही तो पाट रोज ओलांडत होतो. का ठेवलाय, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही टेप काढली. ओट्याची उंची ३४ इंच. वर चार इंचांची शेगडी, तिच्यावर सहा इंचांचं पातेलं. म्हणजे आमटी ढवळायला हात ४४ इंचांच्या वर न्यायचा. सासूबाईंची उंची चार फूट दहा इंच आणि त्यांचं कोपर जमिनीपासून ३६ इंचांवर. त्यांच्या दुखऱ्या खांद्याला आम्ही वर्षानुवर्षं तेल चोळत होतो, शेक देत होतो. दुखण्याचं एक कारण त्या टेपवर दिसत होतं.

चुलीपुढे बसून रांधणाऱ्या बाईला धुराचा त्रास होता, गुडघ्यांचा होता. ओट्याच्या उंचीचा नव्हता. गॅस आला, बाई उभी राहिली आणि तिच्यासाठी ओटा बांधला गेला. पण त्याची उंची ठरवताना तिला कुणी टेप लावली नाही. सगळ्या इमारतीला एकच माप.

खरं तर हिशेब सोपा आहे. हात काटकोनात वाकवून उभं राहायचं आणि कोपराची उंची मोजायची. त्याखाली तीन-चार इंचांवर चिरण्या-निवडण्याची जागा हवी. शेगडीची जागा त्याहून खाली, कारण तिच्यावर भांडं चढतं. पोळ्या लाटायलाही थोडी खालचीच जागा बरी, कारण लाटण्यावर भार द्यावा लागतो. सिंक मात्र जरा उंच, कारण हात त्याच्या तळाशी जातात. आणि ओट्याच्या पायथ्याशी तीन इंचांची खाच ठेवली, तर पावलं आत सरकतात, पाठीत वाकावं लागत नाही. आम्ही शेगडीचा भाग २८ इंचांवर घेतला आणि चिरण्याचा ३२ वर. २८ इंची भागाखाली रेग्युलेटरसकट सिलिंडर मावेना, म्हणून ते शेजारच्या उंच भागाखाली ठेवलं. शेगडी सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर राहील, एवढं मात्र आवर्जून पाहिलं.

स्वयंपाकघराचा असा शास्त्रशुद्ध विचार जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या स्त्री-वास्तुविशारदानं केला होता. बाईची पावलं आणि वेळ वाचावा, म्हणून तिनं सुमारे सहा फूट बाय अकरा फुटांचं आटोपशीर स्वयंपाकघर आखलं. तिथल्या सुमारे दहा हजार घरांत ते बसवलं गेलं. हेतू बाईचे कष्ट कमी करण्याचा होता. पण पुढे त्यावर एक टीका झाली. त्या जागेत एकच माणूस नीट काम करू शकत असे, दुसरं कुणी आलं की अडचण. आपल्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर आठवून पाहा. दुसरं माणूस आत शिरलं की "बाहेर व्हा बघू," हेच ऐकू येतं ना?

आमचं काम तीन आठवडे चाललं. तोवर गॅलरीत एक शेगडी, दोन बादल्या आणि एक मांडणी, एवढाच संसार. गॅलरीला दार नव्हतं, त्यामुळे काम कुणाच्या नजरेआड राहिलं नाही. मुलीनं भाजी चिरली, मुलानं भांडी घासली. यजमानांनी माळ्यावरचे डबे उतरवले आणि सासूबाईंना विचारून प्रत्येकावर चिठ्ठी लावली. रोजचा डबा हाताशी, सणाचा वर. चुकाही केल्या. सिंकच्या पाइपाचा ढाळ न तपासताच टाइल्स बसवून घेतल्या, पाणी तुंबलं आणि दोन ओळी पुन्हा फोडाव्या लागल्या. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडायचं आणि मगच टाइल्सना हात लावायचा, हा धडा पैसे मोजून शिकलो.

नवा ओटा झाला. सासूबाई पहिल्या दिवशी पाटाशिवाय शेगडीपुढे उभ्या राहिल्या आणि काही न बोलता त्यांनी आमटी ढवळली. मी त्यांच्या खांद्याकडे पाहत होते. तो वर उचललेला नव्हता.

गोष्ट इथे संपवली असती, तर बरी दिसली असती. पण पंधरा दिवसांत मुलं पुन्हा टीव्हीपुढे बसली, यजमान वर्तमानपत्रात शिरले आणि नव्या स्वयंपाकघरातून एकच आवाज येऊ लागला, भांड्यांचा. मग एका रविवारी सासूबाईंनीच तो पाट स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवला आणि नातवाला हाक मारली, "ये, बस. शेंगा सोलायच्यात." तो कुरकुरत आला, पण आला. ओट्याची उंची गवंड्याकडून बदलून घेता येते. बाकीचं काम घरच्यांनीच, रोज थोडं थोडं, करायचं असतं.