अभिकल्प-विनिर्देश
वस्तू व तिचे आवेष्टन यांनी कोणत्या गरजा भागविल्या पाहिजेत, हे आराखडा काढण्यापूर्वी नोंदणारा दस्तऐवज. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत त्यास विशेष महत्त्व असते. कारण तयार झालेल्या नमुन्याची परीक्षा त्यातील अटींवरूनच होते.

‘आवेष्टन मजबूत व आकर्षक असावे’ यासारखे विधान तपासता येत नसल्याने निरुपयोगी ठरते. प्रत्येक अट शक्यतो मोजता येण्याजोगी व सकारण असावी लागते. उदा., लिंबाच्या २०० ग्रॅ. लोणच्याच्या बाटलीसाठी ‘भरलेली बाटली २४ तास आडवी ठेवली असता तेल झिरपू नये’ ही अट पडताळता येते. लोणच्यातील मीठ व आम्ल यांमुळे पत्रा गंजतो. म्हणून झाकणास आतून संरक्षक लेप हवा. काचेवर त्यांचा परिणाम होत नाही. परंतु ती जड व ठिसूळ असल्याने वजनाची मर्यादा आणि धक्क्यांची चाचणी यांचा एकत्रित विचार करावा लागतो. भारतात वेष्टित वस्तूंसंबंधीच्या वैध मापन नियमांनुसार (२०११) उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ परिमाण, कमाल किरकोळ किंमत इ. मजकूर आवश्यक असतो. त्यासाठीची जागा सजावटीआधी निश्चित करणे इष्ट असते.

अटींची अनिवार्य व ऐच्छिक अशी विभागणी केल्यास परस्परविरोधी गरजांत निवड करणे सुलभ होते. चाचणीत नमुना अपुरा पडल्यास तो सुधारावयाचा असतो. अट बदलणे अपरिहार्य झाल्यास त्याचे कारण नोंदवितात. नमुन्यास जुळविण्यासाठी मागाहून लिहिलेला विनिर्देश कसोटी राहत नाही, केवळ समर्थन ठरतो.