धान निघाल्यावरच्या रात्री

संपादकांना रात्र जागवणाऱ्या पेठेवर लेख हवा होता. मुंबईत ग्रँट रोडला पिला हाऊस होते, पुण्यात आर्यभूषण थिएटर. भंडारा शहरात मात्र असली पेठ कधी नव्हतीच. दिवसा पितळी भांड्यांची ठोकठोक, रात्री सामसूम. मध्ये टॉकीजचा जमाना येऊन गेला; शेवटचा खेळ सुटला की रिक्षावाले घटकाभर ओरडत, की झाले. शहराच्या रात्रीवर याहून जास्त शाई खर्च करण्यासारखे काही नाही.

जिल्ह्याची रात्र मात्र निराळी. ती एका जागी बसत नाही, गावोगाव हिंडते. भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावजत्रा, लागतात. गोवारी ढाल नाचवत येतात, ऊस-शिंगाड्यांची दुकाने मांडली जातात, लेकी-जावई गोळा होतात आणि गर्दीतच सोयरिकींची बोलणी होतात. कारण साधे आहे. धानाचा मुलूख, वर्षाचा पैसा हातात येतो तो दिवाळीनंतर, आणि होळीपर्यंत त्यातला थोडा रात्रीवर उधळायला माणूस मोकळा असतो. मुंबईच्या नाटकाला शनिवार-रविवार बघावा लागतो, आमच्या नाटकाला खळे.

वडशाबद्दल सगळ्यांनीच लिहून ठेवले आहे, म्हणून थोडक्यात. लाखांदूरच्या पुढे, गडचिरोली जिल्ह्यात हे रेल्वे स्थानकाचे गाव. तिथे नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत आणि हंगामाच्या तारखा तिथेच ठरतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक असा जोड. जमीन उतरती खोदायची, निघालेल्या मातीचा मंच करायचा, म्हणजे मागच्यालाही पुढच्याचे डोके आड येत नाही. नट रोज वेगळ्या गावात, बहुधा वेगळ्या नाटकात. तेव्हा प्रॉम्प्टर हाच खरा आधार. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा दिल्लीला कळले की इकडे अशी एक रंगभूमी आहे. आनंदच झाला.

पण याच वेळी काही विद्वानांनी जुनीच री ओढली. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले, तिथून निघालेले नाटक फिरत फिरत झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या मुलुखात, उशिरा पोहोचले, आणि आमचे लोक अजून त्याच्याच नकला करत बसलेत, असा त्यांचा सिद्धांत. पडदे तिकडून आले, ऑर्गन तिकडून आला, कबूल. पण पहाटेपर्यंत थंडीत घोंगडी पांघरून बसणारा प्रेक्षक सांगलीहून आला काय? तो आधीच इथे होता. त्याला दंडारीने आणि खडी गंमतीने, इथल्या जुन्या लोकनाट्यांनी, तयार केले होते. वडशाचे कौतुक करताना या दोघींचे नाव घ्यायला कुणाच्या जिभेला जड जाते, ते मला ठाऊक आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आणि इथल्या लोककलांसाठी एवढे काम करून ठेवले, ते तरी या मंडळींनी चाळावे.

खडी गंमतीला मंच लागत नाही, पडदा लागत नाही. लोक गोल करून बसतात आणि मधे शाहीर उभा राहतो. ढोलकी, तुणतुणे, झांज. मागे झील धरणारे. आधी गण, मग गवळण, मग वग. लिहिलेली संहिता नसते. कथा सगळ्यांना माहीत असते, संवाद तिथल्या तिथे सुचतात. गावात त्या वर्षी कुणाचा बांध कुणी कोरला, कोणाची बैलजोडी पटात फसली, हे सोंगाड्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर हेरून ठेवी आणि मध्यरात्री राजाच्या दरबारात काढी. ज्याच्यावर बोलणे आले तोच सगळ्यात मोठ्याने हसे, कारण न हसून सांगतो कुणाला? स्त्रीपात्र पुरुषच करी. लुगड्याचा पदर सावरण्याची नाच्याची लकब पाहून बाया आपसात कुजबुजायच्या, हे मी त्यांच्याच मागे बसून ऐकले आहे.

दुय्यम गंमत असली तर विचारूच नका. दोन शाहीर समोरासमोर, सवालाला सवाल. पुराणातला अडलेला प्रश्न टाकायचा आणि दुसऱ्याने चालीतच उत्तर द्यायचे. पहिला प्रहर नुसता एकमेकांचा अंदाज घेण्यात जाई. खरी लढत बारानंतर. गॅसबत्तीला पुन्हा हवा भरली जाई, ढोलकी सुरात लावून घेत, आणि मग जे चाले ते सूर्य वर आल्याशिवाय थांबत नसे. शाळेचे तोंड न पाहिलेली माणसे महाभारतातल्या बारीकसारीक उपकथांवर भांडत. मला वाचनाची गोडी लागली ती या भांडणांतून.

पुढचे सांगण्यात सुख नाही. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, पटासोबतच्या नाटकांना झळ बसली. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, तीही करोनाने हंगाम गिळल्यानंतर. हे धक्के नाटकाने पचवले. गंमतीला मारले ते ‘हंगाम्या’ने. डीजेच्या भिंती, चार नाचणाऱ्या मुली, रेकॉर्डवरची गाणी. मग अश्लीलतेची ओरड आणि पोलीस. मुलींना दोष देणारे पुष्कळ भेटतात. सुपारी देणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षाचे नाव कुणी घेत नाही, कारण तोच मंडईचा सत्कारमूर्ती असतो.

मंडळाच्या पोरांना माझे सांगणे एवढेच. नाटक ठरवायला वडशाला जाणार आहातच, तर वाटेत एखाद्या शाहिराच्या अंगणातही थांबा. डीजेच्या सुपारीपुढे त्याची बिदागी काहीच नाही. आणि त्याला रात्री आठची, पाहुण्यांच्या सत्काराआधीची वेळ देऊ नका. बारानंतरची द्या.