साखर ताब्यात, तरी पायांची आग का?

"साखर आता बरोबर येते, मग पायांची आग का होते?" मधुमेह असलेली आपली वडीलधारी मंडळी मला, जुनी नर्स म्हणून, हे नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. टाइप दोनच्या मधुमेहात दोष एकट्या साखरेचा नसतो.

आधी साखरेचे पाहू. मज्जातंतूंत साखर शिरायला इन्शुलिन लागत नाही. रक्तात ती वाढली की तिथेही वाढते, तिचे सॉर्बिटॉल बनते, आणि पेशीची झीज थांबवणारा साठा त्यात खर्च होतो. शिवाय मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड होऊन प्राणवायू कमी पोचतो. पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू सर्वांत लांब, जवळजवळ एक मीटर. म्हणून मुंग्या आधी बोटांना येतात आणि मोजा चढवावा तशा वर सरकतात.

१९९३ साली अमेरिका-कॅनडातील एका मोठ्या अभ्यासात टाइप एकच्या रोग्यांची साखर कडक ताब्यात ठेवली, तेव्हा हा बिघाड सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. टाइप दोनमध्ये एवढा फायदा दिसला नाही. इथे रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड्स, सुटलेले पोट, ब्लडप्रेशर आणि सिगारेट यांचाही हात असतो.

आणखी एक कारण गोळ्यांच्या डब्यात असू शकते. मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेतली की काहींच्या अंगात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. त्यानेही मुंग्या येतात, पाय बधिर होतात, आणि सगळे मधुमेहावर ढकलले जाते. २०२२ साली ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने अशी लक्षणे असतील तर बी-१२ तपासा, असे डॉक्टरांना कळवले. ही कमतरता वेळेवर सापडली तर भरून काढता येते. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका!

आग होते तोवर माणूस डॉक्टरकडे जातो. खरी भीती बधिर पायाची. चप्पल निसटली तरी कळत नाही, खडा टोचला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि पाय कापण्याची वेळ येते. म्हणून रोज रात्री तळवे आरशात पाहा, नाहीतर घरच्यांना दाखवा. कुपत होलीममध्ये जाल तेव्हा बूट-मोजे काढून बसा आणि विचारा, "डॉक्टर, माझे बी-१२ कधी तपासले होते?"