प्रथिनांचे सोबती : कुळथाची गांठ आणि उकडा तांदूळ

कुळीथ, चवळी किंवा वाल यांचें रोप फुलावर येण्याच्या सुमारास मातीसकट हळूच उपटून त्याचीं मुळें पाण्यांत धुवावीं, म्हणजे त्यांवर मोहरीएवढ्या, क्वचित् त्याहून मोठ्या गांठी दिसतात. हा रोग नव्हे, हें आमच्या शेतकरी बंधूंस बहुतेक ठाऊक आहे. पण ती गांठ कापून आंतला रंग पाहणारे फार थोडे. रंग तांबूस किंवा गुलाबी असल्यास गांठ कामास लागलेली आहे असें समजावें. पांढरट असल्यास ती कोंवळी किंवा निकामी, आणि हिरवट वा करडी असल्यास तिचें काम संपलेलें आहे. ह्या तांबड्या रंगाचा संबंध आपल्या जांभ्या जमिनीशीं आणि ताटांतील भाताशींही पोंचतो, म्हणून त्याची हकीकत थोडी विस्तारानें देतों.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब सांखळी. सजीवांच्या शरीरांत रासायनिक घडामोडी घडवून आणणारीं जीं विकरें, म्हणजे एंझाइमें, तींही जवळजवळ सर्व प्रथिनेंच होत. मात्र त्यांपैकीं पुष्कळशीं एकटीं असतां कांहींच करूं शकत नाहींत. सांखळीच्या खोबणींत लोह, जस्त, तांबें अशा एखाद्या धातूचा अणु, किंवा जीवनसत्त्वापासून बनलेला लहानसा रेणु येऊन बसला, तरच तीं चालूं लागतात. महसूल खात्यांत हयात घालविलेल्या मजसारख्यास येथें दस्ताची उपमा सुचते. मजकूर कितीही सुवाच्य असो, सही-शिक्क्यावांचून त्यावरून फेरफार नोंदला जात नाहीं. परंतु उपमा पुरती लागू नाहीं. शिक्का एकदां उमटला कीं स्वस्थ बसतो. हे सोबती प्रत्यक्ष काम करतात, आणि प्रथिन त्यांस योग्य जागीं धरून ठेवतें.

१९३९ सालीं जपानांतील कुबो ह्या शास्त्रज्ञानें गांठींतील तांबडें द्रव्य रक्तांतील हीमोग्लोबिनच्याच जातीचें असल्याचें दाखविलें. दोहोंतही प्रथिनाच्या कुशींत हीम नांवाचा चपटा रेणु असतो व त्याच्या मध्यभागीं लोहाचा एक अणु. प्राणवायु चिकटतो तो ह्या लोहास, प्रथिनाच्या सांखळीस नव्हे. त्याच सालीं केंब्रिज विद्यापीठानें कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, ह्यांस पीएच्.डी. दिली. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हें द्रव्य असतें, असें त्यांनीं दाखविलें होतें, आणि त्या कामास आरंभ झाला तो बटाट्यापासून. सायटोक्रोम-सी हेंही हीमधारी प्रथिन असून पेशींच्या श्वसनांत इलेक्ट्रॉन पुढें पोंचविण्याचें काम करतें. पुढें मुंबईस त्यांनीं नीरा व कडधान्यें ह्यांच्या पोषणमूल्यावर संशोधन केलें, ह्याची आठवण माडांच्या ह्या मुलखांत तरी ठेवावयास हवी.

गांठींतील जीवाणूंस श्वसनाकरितां प्राणवायु हवा. पण हवेंतील नत्राचा अमोनिया करणारें त्यांचें विकर, नायट्रोजनेज, मोकळ्या प्राणवायूनें कायमचें बिघडतें. हा पेच तांबडें द्रव्य सोडवितें. तें प्राणवायु धरून ठेवतें आणि जीवाणूंस मोजून देतें. नायट्रोजनेजचें स्वतःचें बळही पुन्हा प्रथिनाबाहेरचेंच. त्याच्या गाभ्यांत लोहाचे सात, गंधकाचे नऊ, कार्बनचा एक आणि मॉलिब्डेनम ह्या धातूचा एक, एवढ्या अणूंचा जुडगा असतो. नत्राच्या रेणूची घट्ट मिठी सुटते ती तेथें. खतांच्या कारखान्यांत हेंच काम करण्यास सुमारें ४०० ते ५०० अंश सेल्सियस उष्णता आणि हवेच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. कुळीथ तें थंडीच्या दिवसांत, मुकाट्यानें, मातीखालीं करून घेतो.

आतां आपल्या जमिनीकडे वळूं. मालवण, वेंगुर्लें, कुडाळ ह्या बाजूच्या जांभ्या मातीस लोहाची वाण कधींच नव्हती. तिचा लाल रंगच त्याची साक्ष. पण जिल्ह्यांत वर्षास तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. त्यानें चुन्याचा अंश धुपून जाऊन जमीन आंबट होते, आणि आंबट जमिनींतील लोहाचीं ऑक्साइडें मॉलिब्डेनमला असें घट्ट धरतात कीं मुळांस तें पुरेसें मिळत नाहीं. म्हणजे सात अणु हातावर ठेवणारा सावकार आठवा अडवून बसतो. १९४२ सालीं दक्षिण ऑस्ट्रेलियांत अँडरसन ह्या शास्त्रज्ञास अशाच लोहयुक्त आंबट जमिनीवर क्लोव्हर ह्या द्विदल चाऱ्याची वाढ लांकडाच्या राखेनें सुधारतांना दिसली, आणि शोध घेतां गुण राखेंतील मॉलिब्डेनमचा निघाला. आपल्याकडे भाजावळीची राख तरव्यास मिळते, कुळथास नव्हे.

म्हणून कुळीथ पिवळा दिसतांच युरिया टाकणें मला पसंत नाहीं. आयता नत्र मिळूं लागला कीं रोप गांठी धरणेंच कमी करतें. आधीं गांठ कापून पाहावी. गांठीच नसतील तर त्या पिकाचें रायझोबियम जीवाणु-खत पुढील वेळीं बियाण्यास चोळावें. गांठी आहेत पण फिक्या आहेत, तर माती तपासून घ्यावी व आंबटपणा निघाल्यास अहवालांतील प्रमाणानेंच चुना द्यावा. चुन्यानें अडकलेलें मॉलिब्डेनम सुटतें. मात्र "अधिकस्य अधिकं फलम्" येथें चालत नाहीं. चुना फाजील झाला कीं जस्त अडकतें, आणि जस्तही कित्येक विकरांचा सोबती. भातावरील खैरा रोग जस्ताच्या कमतरतेनें होतो हें पंतनगर येथें डॉ. नेने ह्यांनीं १९६६ सालीं उकललें. मॉलिब्डेनमही चाऱ्यांत फार झाल्यास गुरांच्या अंगीं तांबें लागत नाहीं.

भात कापल्यावर मागें राहिलेल्या ओलीवर कुळीथ टाकण्याची आपली रीत मागें पडत चालली आहे. माणसें मुंबईस, गुरें मोकाट. कुणगेच्या कुणगे पौष-माघांत उघडे दिसतात. पिठीचा कुळीथ दुकानांतून आणावयाचा आणि भाताचा नत्र गोणींतून, असा हा दुहेरी खर्च आहे.

घरांतही असाच एक सोबती आपण उंबरठ्याबाहेर घालवीत आहों. तांदळाच्या कोंड्याच्या थरांत ब-१, म्हणजे थायमिन, हें जीवनसत्त्व असतें. शरीरांत त्यास दोन फॉस्फेट जोडले गेले कीं तें पिष्टान्नापासून शक्ति काढणाऱ्या विकरांचा सोबती बनतें; हें लोमान व शूस्टर ह्यांनीं १९३७ सालीं दाखविलें. तें फार कमी पडल्यास बेरीबेरी होतो. जावा बेटांत ऐकमान ह्या डच डॉक्टरास पांढऱ्या सडीक तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या पांगळ्या झालेल्या व कोंड्यानें बऱ्या झालेल्या दिसल्या. त्यास १९२९ सालीं हॉपकिन्स ह्यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. ज्यांच्या प्रयोगशाळेंत कमलाबाई पुढें शिकल्या ते हेच हॉपकिन्स. १९०५ सालीं क्वालालंपूरच्या वेड्यांच्या इस्पितळांत फ्लेचर ह्यांनीं कांहीं रोग्यांस सडीक व कांहींस उकडा तांदूळ दिला. बेरीबेरीनें दगावले ते सडीक खाणारे.

उकड्याचें मर्म असें. भात तुसासकट भिजवून उकडतात, तेव्हां थायमिन पाण्याबरोबर दाण्याच्या आंत शिरतें, आणि गिरणींत कोंडा निघाला तरी बरेंचसें आंतच राहतें. पेजेंत तर शिजविलेलें पाणीही फेकलें जात नाहीं. असा तांदूळ गरिबाचा म्हणून मागें सारून पाहुण्यांपुढें पांढराशुभ्र मांडणें ह्यांत कसली प्रतिष्ठा, हें मला कधीं उमगलें नाहीं.

रेशनच्या तांदळांत शंभर दाण्यांमागें सुमारें एक बनविलेला दाणा मिसळण्याची योजना २०२४ सालापर्यंत देशभर पोंचविण्यांत आली. तांदळाच्या पिठांत लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ घालून तो करतात. "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून तो सुपांत निवडून कोंबड्यांपुढें टाकलेला मीं कित्येक घरीं पाहिला आहे. ऐकमानच्या कोंबड्यांप्रमाणें त्याही धष्टपुष्ट होतील. त्या दाण्यांतील लोह मात्र घरांतल्या बायकामुलांच्या रक्तांत, हीमच्या मध्यभागीं बसावयाचें होतें.