भाताच्या जखमेचा वास कोणाकोणाला येतो?

वावर-वांगणी ही जोडनावं उरलेल्या महाराष्ट्राला कळली ती 1992-93 च्या बालमृत्यूंमुळे. जव्हारच्या त्या डोंगरपट्ट्यात घरची कणगी भरायची ती पावसाळी भात, नागली आणि वरईवर. खोडकिड्याने वाया घालवलेली लोंबी तिथे सरळ ताटातून गेलेली असते.

राबातलं आवण खाचरात लावण्याआधी शेंडे खुडावेत, असं कृषी खातं सांगतं. पिवळ्या खोडकिड्याची मादी पानाच्या शेंड्याकडे अंडीपुंज घालते, म्हणून. खुडताना जो कच्चा हिरवा वास सुटतो, तो जखमेचा वास. पान फाटलं की पेशींमधल्या स्निग्धाम्लांवर विकरं तुटून पडतात आणि क्षणात उडून जाणारे, सहा कार्बनांचे रेणू बनतात. अळी कुरतडतच राहिली, तर तिच्या लाळेमुळे झाड वेगळ्या तऱ्हेने चेततं. काही तासांनी त्याचा दुसरा, जास्त नेमका वास दरवळू लागतो. भातात त्यात लिनालूल असतं.

कीटक हा वास मिशांनी घेतो. मिशांवरच्या केसांना सूक्ष्म छिद्रं असतात; रेणू त्यांतून आत शिरतो आणि ग्राहक प्रथिनाला जाऊन भिडला की मेंदूकडे संदेश जातो. यातले बहुतेक रेणू शेकडो झाडांत सापडतात. मग भात कोणता आणि गवत कोणतं, हे किडीला कळतं कसं? घटकांच्या प्रमाणावरून. बाकल्यावरचा काळा मावा तर ज्या मिश्रणाकडे ओढला जातो, त्यातलेच घटक सुटे हुंगवले की दूर पळतो.

‘जखमी झाड मदतीसाठी हाक मारतं’ असं हौसेने लिहिलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. अळी खात असलेल्या मक्याच्या वासावर परजीवी गांधीलमाशी येते, हे अमेरिकेत 1990 साली दिसलं, ते खरंच. पण वास उघड्यावर पडलेला असतो, तो शत्रूही वाचतो. चीनमधल्या संशोधकांनी 2012 मध्ये लिनालूल बनवू न शकणारा भात शेतात लावला, तेव्हा त्यावर तपकिरी तुडतुडे वाढले आणि त्यांच्या अंड्यांवर जगणारी परजीवी माशी घटली. कॅरिओफायलिन या दुसऱ्या गंधद्रव्याने मात्र माशीही येते आणि तुडतुडाही.

तुडतुड्याची खरी हुशारी 2020 मध्ये, तीही चीनमध्येच, उजेडात आली. खोडकिड्याच्या अळीने आधीच पोखरलेला चूड तो मुद्दाम निवडतो आणि तिथेच अंडी घालतो. किडकं झाड कशाला घ्यायचं? कारण तुडतुड्याची वैरीण, मिलिमीटरहूनही लहान अशी ती अ‍ॅनाग्रस माशी, निव्वळ तुडतुड्यांनी शोषलेल्या झाडाच्या वासावर येते. अळीचा वास मिसळला की फिरकत नाही. शेजाऱ्याच्या दुर्गंधीआड पिल्लं सुरक्षित! हुंगण्यात तुडतुडा आपल्या शत्रूच्या एक पाऊल पुढे गेला म्हणायचा.

चीनमधली अळी पट्टेरी खोडकिड्याची होती, कोकणातला मुख्य किडा पिवळा. तरी गाभेमर झालेले, म्हणजे अळीने आतला पोंगा सुकवलेले चूड उपटून नष्ट करा, या जुन्या सल्ल्याकडे आता तुडतुड्याच्या बाजूनेही पाहायला हवं. कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या खाचरात, पिवळा खोडकिडा घेऊन, हा प्रयोग एका खरिपात लावून बघता येईल.